रुतलेली ट्रॉली आणि ताणलेली साखळी : गतीचे नियम शिवारात

धाराशिव जिल्ह्यात ऊसतोड सुरू झाली की फडातून रस्त्यावर येताना ट्रॉली रुतणं हे काही नवीन नाही. ढोकी असो की रांजणी, रान ओलं असेल तर भरलेली ट्रॉली आखापर्यंत खाली जाते. मग दुसरा ट्रॅक्टर येतो, टोचनाची साखळी लागते आणि शाळा सुटलेली पोरं बांधावर बघायला जमतात. हा पाठ मुख्यतः त्या पोरांसाठी आहे. सहावीची साधी यंत्रे, आठवीचा बल व दाब, नववीचे गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा हे सगळे घटक या एकाच चिखलात सापडतात.

आधी माती. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे थर पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यातल्या भेगा आणि पावसाळ्यातला राड या दोन्हींचं कारण हेच. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात महापूर आला, हेलिकॉप्टरने माणसं बाहेर काढावी लागली. अशा पावसानंतर रान वरून सुकलेलं दिसतं, पण आत वापसा नसतो. 'वापसा' हा शब्द मुलांना घरच्या आजोबांकडूनच समजून घ्यायला सांगा, पुस्तकापेक्षा ते नीट सांगतील.

आता मुलांना विचारा, ज्या चिखलातून माणूस चालत जातो त्यात जीप का रुतते? १,६०० किलोची जीप धरली तर एका चाकावर ४०० किलो भार येतो. टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण हाताच्या पंजाहून थोडा मोठा, म्हणजे सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलो भार. ६० किलोच्या माणसाची दोन पावलं ३०० ते ४०० चौरस सेंटिमीटर जागा घेतात, तिथे हा आकडा ०.२ च्या आत राहतो. चाकाखाली १२० बाय ३० सेंटिमीटरची फळी सरकवली की तेच ४०० किलो ३,६०० चौरस सेंटिमीटरवर पसरतात आणि दाब ०.११ वर येतो! फळी, पाचट, तुराट्या, मुरूम, हे सगळे उपाय याच भागाकाराचे. पाचटामुळे शिवाय घर्षणही वाढतं. जीपच्या टायरमधली हवा कमी केली तरी टेकणारं क्षेत्र वाढतं. मात्र डांबरीवर जाण्याआधी ती परत भरायची, आणि उसाने भरलेल्या ट्रॉलीला हा प्रयोग करायचा नाही.

चाक स्लिप मारायला लागलं की ड्रायव्हर हमखास रेस वाढवतो. त्याने टायरच्या खाचा चिखलाने भरतात, घर्षण आणखी घटतं आणि गाडी पोटावर बसते. त्याऐवजी थांबावं, चाकापुढची माती फावड्याने उतरती करावी, जमलं तर माल उतरवावा. बैलगाडीच्या काळात लोक चाकाच्या वरच्या आऱ्यांना हात घालून पुढे ढकलत. ही तरफच आहे. जमिनीला टेकलेला बिंदू टेकू धरला तर चाकाचा वरचा काठ आखापेक्षा दुप्पट उंचीवर असतो, म्हणून तिथे लावलेलं बल आखाशी दुप्पट काम देतं.

खरा धोका टोचनात. साखळी ढिली ठेवून ट्रॅक्टरने पळत येऊन हिसका द्यायचा, ही पद्धत सर्रास दिसते. २,५०० किलोचा ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटर वेगाने आला तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ९,६०० ज्यूल असते. ५० किलोचं पोतं सहा मजले वर न्यायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. रुतलेली ट्रॉली हललीच नाही आणि साखळीने ट्रॅक्टर ५ सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर सरासरी बल १,९२,००० न्यूटन, म्हणजे साडेएकोणीस टनांच्या आसपास. कडी तुटते ती इथेच. ओढण्यासाठीचा खास नायलॉनचा जाड दोर २ मीटर ताणला गेला तर तेच सरासरी बल ४,८०० न्यूटनवर येतं. पण दोर सुरक्षित असं मुलांना वाटायला नको. ऊर्जा नाहीशी झालेली नाही, ती ताणलेल्या दोरात साठली आहे. हूक निसटला तर गलोलीतला दगड सुटावा तसा तो सुटतो.

म्हणून साखळी आधी हळू घट्ट करायची, मगच जोर लावायचा. दोराच्या मध्यावर ओली गोणपाटं टाकायची, म्हणजे तुटला तरी तो वजनाने खाली बसतो. दोर १० मीटरचा असेल तर बघ्यांनी किमान १५ मीटर लांब राहायचं, आणि दोराच्या रेषेत पुढे-मागे कुणीच नाही. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर सोडून दुसरं कुणी बसायचं नाही.

साखळी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉ बारलाच अडकवायची. ती टॉप लिंकला, म्हणजे मागच्या आखाच्या वर बांधली, तर मागची ओढ पुढची चाकं उचलते आणि ट्रॅक्टर दीड-दोन सेकंदांत ड्रायव्हरवर उलटा येऊ शकतो. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला आडवं लाकूड बांधून पुढे काढणंही तसंच. चाक अडलं की इंजिन चाकाऐवजी ट्रॅक्टरचं धूडच आखाभोवती फिरवतं. न्यूटनचा तिसरा नियम इतका उघडा क्वचितच दिसतो. ट्रॅक्टर एकटाच रुतला असेल तर रिव्हर्समध्ये मागे काढणं पुष्कळ बरं, कारण तेव्हा पुढचा भाग दाबला जातो.

वर्गात करायला कृती सोपी आहे. गुळगुळीत फरशीवर अर्धी वीट ठेवा, तिला शिवणाचा दोरा बांधा. हळू ओढली की वीट सरकते, हिसका दिला की दोरा तुटतो. मग दोऱ्याच्या मध्ये रबरबँड बांधून तोच हिसका द्या आणि काय होतं ते मुलांनाच लिहू द्या. शेवटी फळ्यावर ट्रॅक्टर, ट्रॉली आणि साखळी काढून प्रत्येकाला एक टिंब द्यायला सांगा : तू कुठे उभा राहशील? टिंब साखळीच्या जवळ किंवा रेषेत पडलं, तर त्या मुलाला १५ मीटरचं अंतर मैदानावर पावलांनी मोजायला लावा. ते पोरांना वाटतं त्यापेक्षा बरंच लांब भरतं.