टूरिंग मोटारसायकल घेण्यापूर्वी : लासलगावच्या एका कारखान्यातील हिशेब

लासलगाव, विंचूर, निफाड या पट्ट्यातील आमचे अनेक वाचक वेल्डिंग, फॅब्रिकेशन, गॅरेज आणि कांद्याच्या आडत व्यवसायात आहेत. त्यांच्या घरी हल्ली एक विषय हमखास निघतो. कर्ता झालेला मुलगा म्हणतो, "अब्बा, आता स्प्लेंडर पुरे, एक मोठी टूरिंग गाडी घेऊ." वडील गप्प बसतात किंवा रागावतात. या दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. म्हणून या खेपेस आम्ही याच विषयाचा अभ्यास मांडत आहोत. कोणती गाडी उत्तम हे आम्ही सांगणार नाही, ते दुकानदार सांगतोच. गाडी कशी तोलावी एवढेच आम्ही पाहणार आहोत.

उदाहरण आमच्या ओळखीच्या एका कारखान्याचे आहे. बाप-लेक मिळून कांदाचाळी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. डिसेंबरपासून मेपर्यंत कामाची धूम असते, कारण उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि शेतकऱ्याला चाळ त्याआधी उभी हवी असते. अँगल आणि पत्रा रोखीने आणावा लागतो. शेतकरी मात्र पैसे कांदा विकला गेल्यावर देतो. म्हणजे या कारागिराचे भांडवल वर्षातले निदान चार-सहा महिने दुसऱ्याच्या चाळीत उभे असते. मुलाच्या मनात असलेली गाडी तीन लाखांच्या पुढची होती. वडिलांचे म्हणणे एवढेच होते की हे तीन लाख म्हणजे दोन चाळींचे लोखंड आहे.

ही भीती पोकळ नाही. ७ डिसेंबर २०२३ च्या आदेशाने कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, तेव्हा लासलगावचे लिलाव काही दिवस बंद होते. ज्या गावाची बाजार समिती १९४७ पासून कांद्यावर उभी आहे तिथे लिलाव थांबला की वेल्डरचीही उधारी थांबते. त्या काळात ज्यांच्या डोक्यावर हप्ते होते त्यांची अवस्था आम्ही पाहिली आहे. म्हणून गाडीचा विचार करताना पहिला प्रश्न इंजिनाचा नसून पैसा कोणत्या महिन्यात मोकळा असतो हा आहे.

टूरिंग गाडी म्हणजे काय, हेही आधी स्पष्ट असावे. मोठा आवाज किंवा मोठी टाकी एवढ्याने गाडी टूरिंगची होत नाही. दोनशे-तीनशे किलोमीटर सलग चालवून पाठ, मनगट आणि डोके शाबूत राहावे, सामान बांधता यावे, मागच्याला नीट बसता यावे आणि रात्री रस्ता दिसावा, एवढ्या गोष्टी ज्या गाडीत आहेत ती टूरिंगची. आपल्या बाजारात सध्या याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक बसकी, आरामाची गाडी. रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५० ही नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली गाडी याचे उदाहरण : इंजिन ३४९ सीसी, टाकी १५ लिटर, वजन १९१ किलो, सीटची उंची ७६५ मिलिमीटर. दुसरी उंच, खडबडीत रस्त्याची गाडी. त्याच कंपनीची नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली हिमालयन ४५० : इंजिन ४५२ सीसी, ताकद ४० पीएस, टाकी १७ लिटर, वजन १९६ किलो, सीट ८२५ मिलिमीटर. चाकणच्या पुणेरी बजाजची डॉमिनार ४०० ही डिसेंबर २०१६ मध्ये ३७३ सीसीच्या इंजिनासह आली, ती या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसते.

आता सीसीचा हा आकडा नुसता ताकदीचा राहिलेला नाही, तो कराचा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरील गाड्यांवर सेससह ३१ होता तो सरळ ४० टक्के झाला. समजा दोन गाड्यांची करापूर्वीची किंमत सारखीच दोन लाख आहे. ३४९ सीसीची गाडी २,३६,००० ला पडेल आणि ३७३ किंवा ४५२ सीसीची २,८०,००० ला. ४४ हजारांचा फरक नुसता कराचा झाला. त्यावर आरटीओचा एकरकमी करही सीसीप्रमाणे आणि किमतीप्रमाणे चढतो. एवढ्या पैशात चांगले वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि वर दोन हेल्मेट येतात. उंच गाडीची खरोखर गरज असेल तर हा फरक द्यावा, पण तो कशाचा आहे हे माहीत असून द्यावा.

इथे व्यापाऱ्यांचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. "दुकानाच्या नावावर बिल घेऊ, जीएसटी परत मिळेल," असे बरेच जण धरून चालतात. तसे नाही. माणसे वाहणाऱ्या, तेरापर्यंत आसनांच्या मोटार वाहनांवरील कराचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलेले आहे आणि मोटारसायकल त्यातच येते. ज्यांचा धंदाच गाड्या विकण्याचा किंवा चालवायला शिकवण्याचा आहे, त्यांची गोष्ट निराळी. प्राप्तिकरात धंद्यासाठी वापरलेल्या गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो, तोही वापर खरा असेल आणि नोंदी असतील तर. आपल्या हिशेबनिसाला गाडी घेण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

हप्त्याचे गणित तर याहून फसवे आहे. व्याजापासून दूर राहण्याचा ज्यांचा निर्धार आहे त्यांच्यापुढे हा प्रश्न येतच नाही; ते साठवून घेतात किंवा घेत नाहीत. परंतु शोरूममध्ये "फक्त दहा टक्के" ऐकून सही करणाऱ्यांनी पुढचे वाचावे. दोन लाखांवर तीन वर्षे फ्लॅट दहा टक्के म्हणजे व्याज ६० हजार, हप्ता सुमारे ७,२२० रुपये. इथे फसवणूक अशी की आपण दरमहा मुद्दल फेडत असतो, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर लागते. घटत्या शिल्लकेवर काढले तर हाच दर सुमारे १८ टक्के येतो. कर्ज फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरील बोजा उतरवावा लागतो. ते राहिले की गाडी विकताना अडचण होते.

बाप-लेकांचे भांडण मिटेना, तेव्हा आम्ही त्यांना एक साधे काम सांगितले. महिनाभर कारखान्याच्या वहीत रोजच्या फेऱ्या लिहायच्या : कुठे गेलो, किती किलोमीटर, सोबत काय होते. महिन्याअखेर वही उघडली तेव्हा मुलालाच आश्चर्य वाटले. बहुतेक फेऱ्या विंचूर, निफाड, चांदवड, येवला एवढ्याच. वाटेत वेल्डिंग रॉडचे पुडे, कटिंग व्हील, एखादा पाइप. दीडशे किलोमीटरच्या वरची फेरी महिन्यात तीनदा. एक जालन्याला लोखंडाच्या भावासाठी, एक मालेगावमार्गे धुळ्याला आणि एक नातेवाइकांकडे लग्नाला. म्हणजे टूरिंगची गरज खरी होती, पण ती महिन्यातून तीन दिवसांची होती.

या वहीवरूनच पेट्रोलचा हिशेब निघतो. महिना हजार किलोमीटर धरा, पेट्रोल १०५ रुपये धरा. साठ किलोमीटर देणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीला सुमारे १,७५० रुपये लागतात. बत्तीस देणाऱ्या साडेतीनशेच्या गाडीला ३,२८० आणि अठ्ठावीस देणाऱ्या साडेचारशेच्या गाडीला ३,७५०. मायलेजचे हे आकडे आम्ही हिशेबापुरते धरले आहेत, आपल्या गावात ती गाडी वापरणाऱ्याला विचारून ते बदलावेत. कंपनीचा आकडा नको. रोजच्या कामाला मोठी गाडी वापरली तर दरमहा पंधराशे-दोन हजार जादा जातात. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि विमा हे तर वेगळेच, आणि मोठ्या गाडीचे हे सगळे महागच असते.

जुन्या वाचकांना १९८३ साली आलेली राजदूत ३५० आठवत असेल. यंत्र म्हणून तिच्याबद्दल तक्रार नव्हती, पळायची तर विचारूच नका. पण पेट्रोल आणि सुटे भाग यांनी मालकाला घाम फोडला आणि दशक संपता संपता ती बाजारातून गेली. आज तिला शौकीन लोक जपतात, त्या काळी तिने अनेकांना जेरीस आणले होते. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी सर्व्हिस सेंटर पाहावे. लासलगावहून नाशिक सुमारे ६० किलोमीटर आहे. प्रत्येक सर्व्हिसला कारागिराचा एक दिवस जातो, त्या दिवसाची मजुरीही किमतीत धरावी. क्लच केबल, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड आणि आरसा या चार वस्तू मागून बघाव्यात. "मागवून देतो" असे उत्तर मिळाले तर किती दिवसांत, हे विचारावे. अगदी नव्याने आलेल्या मॉडेलला निदान एक वर्ष द्यावे, हे आमचे मत. पहिली हिमालयन मार्च २०१६ मध्ये कार्बोरेटरवर आली आणि पुढच्याच वर्षी तीत फ्युएल इंजेक्शन आले. घाई केलेल्यांच्या दारात जुनी उभी राहिली.

पंक्चरचा विचार शोरूममध्ये कोणी करत नाही. अलॉय चाकात ट्यूबलेस टायर असतो, खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते आणि रस्त्यातच पट्टी घालता येते. तारांची चाके खड्ड्यात दणका चांगला सोसतात; परंतु बहुतेकांत ट्यूब असते आणि पंक्चर झाले की चाक काढावे लागते. सुरुवातीची हिमालयन ४५० ट्यूबवालीच होती, ट्यूबलेस तारांची चाके नंतर जादा पैशांत मिळू लागली. चांदवडच्या राहुड घाटात रात्री दहाला १९६ किलोची गाडी सामानासह ढकलण्याची कल्पना करावी, मग निर्णय सोपा होतो.

मागे बसणाऱ्याची बाजू आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पत्नी किंवा आई मागे बसते, अंगावर बुरखा, साडी किंवा ओढणी असते. मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या बाजूला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि निम्मे चाक झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. ते साडी गार्ड "लूक बिघडतो" म्हणून काढून टाकण्याची खोड तरुणांना आहे. कापड चाकात किंवा चेनमध्ये गेले तर काय होते हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. उंच सीटवर चढणे पन्नाशीच्या बाईला जमते का, हे दुकानात तिलाच बसवून पाहावे. मुलाने आईला सोबत नेले आणि उंच गाडीवर ती दोन प्रयत्नांतही नीट बसू शकली नाही. आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा याचाच परिणाम त्याच्यावर अधिक झाला.

चाचणी फेरी शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर अर्धा किलोमीटर मारून भागत नाही. निदान अर्धा तास मागावा. गतिरोधक, उलटे वळण, रहदारीत दहा मिनिटे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तेही दुपारी, म्हणजे इंजिनाची धग मांडीला लागते की नाही ते कळते. एबीएस १२५ सीसीवरील गाड्यांना बंधनकारक आहे, पण ते पुढच्या एकाच चाकाला आहे की दोन्ही, हे पाहावे. पावसात बाजाराच्या रस्त्यावर कांद्याची पात आणि चिखल असतो तिथे हा फरक जाणवतो. शक्य असेल तर संध्याकाळनंतर दिवा पाहावा. हंगामात आपल्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या किती असतात हे वेगळे सांगत नाही. (ट्रॉल्या बनवणाऱ्या आमच्या मित्रांनी रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ट्रॉली देऊ नये, हे जाता जाता.)

समृद्धी महामार्गावरून नागपूर गाठण्याची स्वप्ने काही जण पाहतात. तो ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यातून जातो, परंतु त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. म्हणजे आपल्याला जुनेच रस्ते, जुनेच घाट. तेथे शंभराच्या पुढची ताकद वापरायला वाव किती, हे प्रत्येकाने आपल्याशी प्रामाणिकपणे ठरवावे.

बिलाची प्रत आधी मागावी. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा असे स्वतंत्र आकडे हवेत. "हँडलिंग चार्जेस" असा रकाना दिसला तर कशाचे, असे विचारावे. आमच्या एका स्नेह्याने नुसते विचारले आणि तो रकाना कोरा झाला. नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, परंतु तो दुकानदाराकडूनच घेण्याची सक्ती नाही. ताबा घेताना चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवावेत, टायरवरील उत्पादनाचा आठवडा-वर्ष पाहावे आणि गाडी उजेडी घ्यावी.

त्या कारखान्यात शेवटी असे ठरले. स्प्लेंडर विकायची नाही, रोजचे काम तिच्यावरच. साडेचारशेचा विचार सोडला. साडेतीनशेच्या आतली गाडी, तीही जूनमध्ये चाळींची उधारी वसूल झाल्यावर आणि पुढच्या हंगामाचे लोखंड बाजूला काढून उरेल त्यातून. मुलाने त्याच वहीच्या मागच्या पानावर नवे खाते उघडले आहे. पहिली नोंद अकरा हजारांची आहे, आणि ती एका जुन्या ट्रॉलीच्या दुरुस्तीतून आलेली आहे.