भिंतीची माया

शिवणकाम करणाऱ्या बाईला माया म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ब्लाउजचं माप ३६ असलं तरी कापड ३६वर कापत नाहीत. शिलाईत जाणारं कापड आधीच धरावं लागतं. चौदा वर्षं मी हेच काम करतेय. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरातल्या आमच्या घराचा नकाशा पहिल्यांदा समोर आला, तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "खोली १० बाय १० म्हणताय, पण ह्यात भिंतींची माया धरलीय का?"

ठेकेदाराने माझ्याकडे बघितलंही नाही. ह्यांना म्हणाला, "भाऊ, वहिनींना सांगा, चाळीस घरं बांधलीत आम्ही."

ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी गप्प बसले. आज लिहितेय ते त्या दिवशी गप्प बसले म्हणून. निदान तुम्ही तरी बसू नका.

आमचा प्लॉट २० बाय ३०. गुंठेवारीची फाइल मार्गी लागली, कर्ज मंजूर झालं आणि सगळ्यांनाच घाई झाली. ठेकेदार ह्यांच्या ओळखीतला. मटेरियलसकट १,६५० रुपये चौरस फूट, आणि नकाशा फुकट. ह्या 'फुकट'वर आमचं घर भाळलं. स्वतंत्र आर्किटेक्टकडे गेलो असतो तर पंचवीसेक हजार लागले असते, ते वाचले म्हणून सासूबाईंनी देवाला नारळ फोडला. फुकटचा नकाशा म्हणजे एक रंगीत कागद. त्यात पलंग, कपाट, सोफा सगळं काढलेलं, कुंडीतलं झाडसुद्धा. पुढे दोन खोल्या, एक सासूबाईंची, एक माझ्या शिवणकामाची. दोन्हींवर लिहिलेलं '१० बाय १०'.

प्लास्टर झालं त्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच साइटवर गेले. भिंती ओल्या होत्या, सिमेंटचा वास येत होता. कटिंगचा टेबल कुठे बसेल ते बघावं म्हणून पर्समधली टेप काढली. आमची टेप ६० इंचांची. एका भिंतीपासून ६० मोजले, खडूने खूण केली, पुढे मोजत गेले. ४७ला टेप समोरच्या भिंतीला टेकली. १०७ आणि वर थोडं. मला वाटलं, टेप वाकडी धरली. पुन्हा मोजलं. मग सासूबाईंच्या खोलीत जाऊन मोजलं. तिथेही तेच. दहा फूट म्हणजे १२० इंच. कापड इंचभर कमी पडलं तर माझ्या पोटात गोळा येतो. इथे भिंत १२ इंचांहून जास्त पुढे आली होती, आणि ती उसवता येणार नव्हती.

त्या रात्री मी रंगीत कागद काढून बसले. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. बाहेरून बाहेर २० फूट. दोन्हीकडच्या भिंती ९ इंची, म्हणजे दीड फूट तिथेच गेला. मधल्या भिंतीचे साडेचार इंच. आतल्या चार बाजूंना प्लास्टर अर्धा-अर्धा इंच, म्हणजे आणखी दोन. उरले १८ फुटांना अर्धा इंच कमी. दोन खोल्यांत वाटा, प्रत्येकी नऊ फूटसुद्धा भरत नाही. कागदावरच्या रेषेला जाडी नसते, भिंतीला असते. आणि चित्रातल्या पलंगावर पट्टी ठेवली तेव्हा कळलं की तो पलंग जेमतेम पाच फुटांचा काढलाय. पाच फुटांच्या पलंगावर कोण झोपतं? पलंग लहान काढला की खोली मोठी दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ठेकेदाराला बोलावलं. मी टेप त्याच्या हातात दिली, "मोजा." त्याने मोजलं नाही. म्हणाला, "वहिनी, नकाशात बाहेरून मापं देतात, सगळीकडे असंच असतं. तुम्ही कपाट छोटं घ्या." कपाट छोटं घ्या! माझ्या माहेरहून आलेलं लोखंडी कपाट मी छोटं कुठून करू? दोन खोल्या नऊ बाय नऊ धरल्या तरी १०० ऐवजी ८१ चौरस फूट, दोन्हींत मिळून ३८ कमी. आमच्या दराने ६२,७०० रुपये. भिंतीलाही खर्च येतो, हे मला मान्य आहे. पण खोली दहाची म्हणून विकायची आणि विचारणाऱ्या बाईला हसायचं, हे मला आजही मान्य नाही. शेवटचा हप्ता ह्यांनी दिला, भांडण नको म्हणून. माझी संमती नव्हती.

जिन्याचं दुखणं तर रोजचं आहे. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. सात इंचांची पायरी धरली तर १८ चढ होतात. त्याने १५तच उरकलं. एकेक पायरी आठ इंचांहून जास्त उंच, आणि पाऊल टेकायला ९ इंच. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि पाऊल कमीत कमी २५ सेंटिमीटर सांगितलंय. आमची पायरी २१च्या वर जाते. सासूबाई गच्चीवर पापड वाळवायला जायच्या, ते बंद झालं. सोयीच्या जिन्याला लांबी लागते, ती नकाशातच द्यावी लागते. खोल्या आखून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात जिना कोंबला की गुडघे जातात.

आणि पाणी. ह्या गावात घर बांधणाऱ्याला पाण्याचं काय सांगायचं? जायकवाडी उशाला आहे, तरी नळ आठवड्याने येतो आणि आमच्याकडे टँकर. रंगीत कागदावर कुंडी होती, हौद नव्हता. मी आठवण करून दिली तेव्हा जिन्याखाली पाच बाय चार बाय चारचा खड्डा काढून दिला. त्यात सव्वादोन हजार लिटर मावतं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आम्ही पाच जण, म्हणजे आठ दिवसांना ५,४०० लिटर. आतून सहा बाय सहा बाय सहाचा हौद केला असता तर सहा हजारांवर पाणी राहिलं असतं. आता प्रत्येक टँकरला पैसे मोजताना मला तो कागद आठवतो.

आता जे सांगायचं ते सांगते.

प्रत्येक खोलीचं आतलं, प्लास्टरनंतरचं माप नकाशावर लिहून घ्या आणि तोच कागद कराराला जोडा. तोंडी 'दहा बाय दहा'ला काही किंमत नाही.

मंजुरीचा नकाशा वेगळा आणि कामाचा वेगळा. महापालिकेच्या शिक्क्याने तुमचं कपाट बसेल की नाही ते कळत नाही. भिंतीची जाडी, कॉलम, दारं, खिडक्या मापासह दाखवणारं वर्किंग ड्रॉइंग मागा. कॉलम ९ बाय १२चा आणि भिंत साडेचार इंची असली की कॉलम खोलीत डोकावतो, आणि नेमका कपाटाच्या जागी.

बाथरूमचं दार अडीच फूट म्हणतात, पण चौकट गेल्यावर उरतं त्यातून म्हातारं माणूस वॉकर घेऊन आत जाईल का, ते बघा.

शिवणकामाची, अभ्यासाची खोली पश्चिमेला ठेवू नका. वास्तूप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणून आमच्याकडे सगळे अडून बसले, पण मे महिन्यातलं चार वाजताचं ऊन कुणी विचारात घेतलं नाही. चाळीसच्या वर पारा असताना त्या खोलीत मशीनवर बसून बघा.

हौद आधी, अंगण मागून. सेप्टिक टँक हौदापासून जितका लांब नेता येईल तितका न्या.

पैसे टप्प्याने द्या. जोतं, स्लॅब, प्लास्टर, दर टप्प्याला स्वतः मोजा आणि मगच द्या. ओळखीच्या माणसालाही हिशेब लिहून मागा. घाई करू नका. आणि घरात दिवसभर वावरणारी बाई काही विचारत असेल तर तिला आधी उत्तर द्या.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी. कटिंगच्या वर्गात आम्ही आधी खाकी कागदावर कापतो, कापडाला कात्री नंतर. मागच्या वर्षी धाकट्या बहिणीचं घर हर्सूलला निघालं, तेव्हा मी तेच केलं. लाइनआउटच्या दिवशी, फुटिंग खोदायच्या आधी, फक्कीने भिंतीची एक रेघ नाही तर दोन रेघा मारायला लावल्या, मध्ये भिंतीच्या जाडीएवढी जागा सोडून. मग पलंग, कपाट, फ्रिज, गॅसचा ओटा, सगळ्यांच्या मापाचे खाकी कागद कापून आत मांडले, वर दगड ठेवले. बहीण त्यांच्यामधून चालली. पलंग आणि कपाटामध्ये तिला आडवं होऊन जावं लागलं. तिचा मिस्तरी आधी वैतागला, मग स्वतःच वाकून बघायला लागला. मधली भिंत सात इंच सरकली. जुनी फक्की पायाने पुसून नवी रेघ मारायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

माझा कटिंगचा टेबल अजून हॉलमध्येच असतो. पाहुणे आले की उचलून भिंतीला लावावा लागतो. मी तो रोज दोनदा उचलते, आणि दर वेळी मला तीच पाच मिनिटं आठवतात.