चुंबकाला सुट्टी नसते

ग्राइंडरचं बटण दाबलं की चाक थांबतं, मशीन बंद केलं की होल्डर गप्प होतो. गुनियासारखा कोन धरणारा तो बाणाच्या आकाराचा चुंबक मात्र टॅक मारून काढला आणि कोपऱ्यात टाकला तरी तिथं ओढतच राहतो. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये चुंबकापायी जे घोळ झाले, ते बहुतेक तो वापरात नसतानाच्या वेळात शिजले. २०२७च्या सिंहस्थाआधी रेलिंगची कामं मिळतील या आशेनं नवी पोरं गाळे भाड्यानं घेताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो.

पहिला शत्रू ग्राइंडरचा चुरा. निफाडकडच्या एका कांदा चाळीचं फाटक आमच्याकडे होतं. पोरांनी रात्री चुंबक ग्राइंडरच्या टेबलाखाली ठेवलेला. सकाळी त्याला काळी दाढी आलेली. हातानं वरवर पुसून तो कोपऱ्याला लावला, चारही टॅक झाले, आणि कर्ण मापले तर दोन्हींत फरक. हिशेब सोपा आहे. चुंबकाची बाजू १०० मि.मी. धरा. तिच्या एका टोकाखाली अर्धा मि.मी. चुरा अडकला, तर चार फुटी पाइपच्या टोकाला तो फरक सहा मि.मी. होतो. फाटक कडी घेत नाही, ते इथं. म्हणून चुंबक कितीही चांगल्या कंपनीचा असो, टॅक मारल्यावर गुनिया लावायचा, कर्ण मापायचे, मगच पुढची वेल्डिंग. आणि पूर्ण वेल्डिंगच्या आधी चुंबक काढायचाच. वेल्ड थंड होताना जो खेच बसतो, तो त्याच्या आवाक्यातला नाही. तिथं सी-क्लॅम्प आणि आलटून-पालटून टाके हवेत.

चुरा काढायला हवेचा पाइप मारू नका, तो थेट डोळ्यांत येतो. रुंद चिकटपट्टी दाबून ओढा. घरून कणकेचा गोळा आणला तर तो पट्टीपेक्षा सरस निघतो, फक्त नंतर तो कुत्र्याला घालू नका. जमिनीवरचा चुरा गोळा करायचा असेल तर चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. काम झालं की पिशवी उलटी करून चुंबक ओढून घ्या, सगळा चुरा पिशवीतच राहतो.

दुसरा घोळ जास्त फसवा. पावसाळ्यातली गोष्ट. आमचा एक चांगला हाताचा वेल्डर इन्व्हर्टर मशीनवर कोपरा भरत होता आणि आर्क सारखा एका बाजूला पळत होता. स्पॅटर उडतोय, वेल्डमध्ये भोकं पडताहेत. रॉड दमट झाले असणार म्हणून पाकीट बदललं, करंट वरखाली केला, मशीनलाही शिव्या घालून झाल्या. चुंबक वेल्डपासून चार बोटांवर बसलेला होता, तो काढल्याबरोबर आर्क सरळ. आर्क म्हणजे हवेतून वाहणारा करंटच, आणि चुंबकाच्या क्षेत्रात करंटला बाजूला ढकललं जातं. इन्व्हर्टर डीसी देतो, त्यामुळे ढकलणं एकाच दिशेनं होतं. जुन्या ऑइल-कूल्ड ट्रान्सफॉर्मरवर एसी असतो, करंटची दिशा सेकंदाला शंभर वेळा फिरते, म्हणून तिथं आर्क इतका भरकटत नाही. चुंबक नसतानाही आर्क पळत असेल तर अर्थिंगचा क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावून बघा, रॉड बदलण्याआधी. चुंबकी अर्थिंग वापरत असाल तर त्याचा तळ रोज पुसा. चुरा मध्ये आला की तिथंच ठिणग्या पडतात, तळ जळतो आणि चुंबकही तापतो.

उष्णतेचं गणित चुंबकाच्या जातीवर आहे. बाणाच्या आकाराचे चुंबक बहुधा फेराइटचे, ते २५० अंशांच्या आसपास टिकतात. छोटे चकचकीत निओडायमियमचे साधे प्रकार मात्र ८० अंशांपुढे जोर गमावतात आणि थंड झाल्यावर तो सगळा परत येत नाही. हे निओडायमियमवाले ठिसूळही असतात. दोन एकमेकांवर आदळले की कपची उडते, बोट मध्ये सापडलं तर नख काळं. त्यांना ग्राइंडर किंवा ड्रिल लावायचंच नाही, त्यांची भुकटी पेट घेते.

आता एसएसची गोष्ट, कारण नाशकात वाइनरीच्या टाक्यांची आणि डेअरीची कामं येतात. गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढतो, टाकीला लावतो, चिकटला नाही की '३०४ आहे' म्हणून मान डोलावतो. २०२लाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा ही परीक्षा अर्धवटच. उलट ३०४ची पट्टी थंड वाकवली की वाकणावर चुंबक थोडा ओढला जातो आणि उगाच भांडण होतं. या परीक्षेतला खरा धोका वेगळाच. आपला चुरा लागलेला चुंबक कुणी पॉलिश केलेल्या टाकीवर फिरवला, तर मागं राहिलेल्या लोखंडाच्या कणांना गंज येतो आणि टाकीवर तपकिरी ठिपके पडतात. एसएसच्या बाजूला लोखंडाचा चुंबक आणि लोखंडाचं ग्राइंडिंग, दोन्ही नकोत.

ठेवायची जागा आमच्याकडे आता ठरलेली आहे. ग्राइंडरच्या विरुद्ध भिंतीवर, छातीच्या उंचीला पाच मि.मी.ची लोखंडी प्लेट ठोकलीय. चुंबक पुसून तिलाच चिकटवायचे, वरून जुनी सतरंजी. निओडायमियमचे वेगळ्या लाकडी डब्यात, मध्ये फळीचे तुकडे घालून. व्हर्निअर, ड्रिल बिट, टॅप यांचा खण त्या भिंतीपासून लांब. एकदा ड्रिल बिटला चुंबकत्व आलं की प्रत्येक भोकाचा कीस त्यालाच चिकटून राहतो. इन्व्हर्टरच्या डोक्यावर चुंबक ठेवायची सवय तर मोडाच. आतला पंखा शेजारची हवा खेचतो, आणि चुंबकानं जमवलेला चुरा तिथं नको. आणि कुणा गिऱ्हाइकाच्या वडिलांना पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांची खुर्ची रस्त्याकडेला टाका, चहा तिथंच पाठवा. चुंबक आणि चालू वेल्डिंग, दोन्हींपासून त्यांनी लांब राहायचं. किती लांब, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.