शेवटचं ताट

ही गोष्ट आमच्याच घरची आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आमच्या मंडळी मूळच्या शांत. पण पंचेचाळिशी उलटली आणि काहीतरी बिनसलं. भांडं वाजलं तरी त्या चिडायच्या. मग चुलीपुढं बसून रडायच्या. रात्री झोप नाही. दोन पायऱ्या चढल्या की छाती धडधडायची. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाहेरचं लागलं असंल." देवऋषी झाला. नारळ झाले, लिंबं झाली. गुण आला नाही. आम्ही म्हणायचो, स्वभावच बदलला.

शेवटी त्यांना तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग विचारलं, "ताई, काल रात्री काय जेवलात?"

"भाकरी न् चटणी. भाजी उरली नव्हती."

"आणि परवा?"

मंडळी गप्प. आम्हीही खाली पाहिलं. शाळेत आम्ही पोरांना तीस वर्षं आहाराचा धडा शिकवला. घरात शेवटचं ताट कुणाचं आणि त्यात काय पडतं, हे कधी पाहिलं नव्हतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८ निघालं. बाईमाणसाला ते निदान १२ हवं.

बाईंनी उलगडून सांगितलं. पाळी जायच्या आधी काही वर्षं ती वेळीअवेळी येते. काही जणींच्या अंगावरून फार जातं. रक्त जातं, आणि ताटातून भरून येत नाही. रक्ताचा लाल भाग लोहापासून बनतो. तोच प्राणवायू मेंदूपर्यंत नेतो. तो कमी पडला की थकवा येतो, चिडचिड होते, कशात मन लागत नाही. शिवाय या वयात अंग एकदम तापतं, घाम फुटतो, झोप मोडते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना!

आमचं घर काही एकटं नव्हे. २०१९-२१ साली देशभर पाहणी झाली. १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांत ५७ जणींचं रक्त कमी निघालं.

खायला महागाचं काही लागत नाही. मोड आलेली मटकी, हरभरे, तांदुळजा, अळीव, तीळ. वर लिंबू पिळावं, म्हणजे लोह अंगी लागतं. दूध किंवा अंडं असावं. मासळी चालत असेल तर उत्तमच. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. मंडळींना हेच सर्वांत जड गेलं.

पण ८ चे १२ नुसत्या भाजीनं होत नाहीत. गोळ्या घ्याव्या लागल्या. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नये. रक्त फार का जातं, याचीही तपासणी झाली. ती टाळू नका.

आता आमच्या घरी भाजी आधी सगळ्या ताटांत वाटतात, मग सगळे एकदम बसतात. सुरुवातीला मंडळींना घासच जाईना, वाढायचं कुणी? मग भाकरी आम्ही वाढू लागलो. काही महिन्यांनी रक्त वाढलं, झोप लागू लागली. त्या अजून चिडतात, पण कारण असलं तर.

सगळंच दुःख ताटातलं नसतं. नीट जेवूनही दोन आठवडे मन उदास राहिलं, जीव नकोसा वाटला, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. १४४१६ या सरकारी नंबरावर फोन केला तर पैसे पडत नाहीत. रात्रीही कुणीतरी मराठीत बोलतं.