काळी, पांढरी आणि मोकळी जमीन
जालना जिल्ह्यातील वाढत्या गावांच्या रेखांकनाविषयी काही विचार

मराठवाड्यातील जुन्या गावाची रचना दोन शब्दांत सांगता येते : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन आणि काळी म्हणजे कसण्याची. या दोहोंना जोडणारा आणखी एक घटक मात्र कागदोपत्री फारसा ठळक दिसत नाही. तो म्हणजे मोकळी जमीन. गुरे उभी राहण्याचे आखर, खळवाडी, पाणंद, ओढ्याचा काठ, बारवेभोवतीची जागा, पार आणि गायरान या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. या जागांतून कोणाला थेट उत्पन्न मिळत नाही. परंतु त्यांच्यावाचून गावाचा एक दिवसही चालत नाही. वस्ती वाढू लागली की प्रथम याच जागा नाहीशा होतात.

वाढीची दिशा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके त्यात समाविष्ट झाले. आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत. बियाणे आणि पोलाद या उद्योगांनी जालना शहराला देशभर ओळख दिली. २०२३ मध्ये येथील नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

रस्ता आला की जमिनीचे मोल बदलते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. कालपर्यंत मोसंबीची बाग असलेल्या क्षेत्रात चुन्याच्या रेघा पडतात आणि भूखंड विक्रीचे फलक उभे राहतात. ही वाढ रोखावी असे कोणी म्हणणार नाही. वाढत्या कुटुंबांना घरे हवीत आणि शेतकऱ्यालाही आपल्या जमिनीचे योग्य मोल मिळाले पाहिजे. प्रश्न आहे तो ही वाढ कोणत्या आराखड्याने व्हावी, हा.

प्रचलित रेखांकनातील उणीव

राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार (२०२०) ०.४० हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्राच्या रेखांकनात १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवणे आवश्यक आहे. ही तरतूद मोलाची आहे. तथापि खुली जागा किती असावी हे नियम सांगू शकतो. ती कोठे असावी याचा विचार मात्र आराखडा करणाऱ्यालाच करावा लागतो. पुष्कळदा आधी रस्ते, मग भूखंड आणि शेवटी उरलेला तिरकस कोपरा खुली जागा म्हणून दाखविण्याचा क्रम ठेवला जातो. नियमाचे पालन होते, परंतु ओढा बुजतो, विहिरीचा झरा आटतो आणि जुनी पाणंद कुंपणाआड जाते.

क्रम उलटा करावा

अमेरिकेतील नियोजनकार रँडल अॅरंट यांनी १९९० च्या दशकात याच उणिवेवर एक पद्धत सुचविली. तिला संवर्धनशील रेखांकन म्हणता येईल. तिच्या चार पायऱ्या आहेत :

१. जतन करावयाच्या जागा प्रथम नकाशावर दाखविणे. ओढे, पाणथळ भाग, जुनी झाडे, सुपीक जमीन, ऐतिहासिक वास्तू इत्यादी.
२. उरलेल्या क्षेत्रात घरांच्या जागा ठरविणे.
३. त्या घरांना जोडणारे रस्ते व पायवाटा आखणे.
४. सर्वांत शेवटी भूखंडांच्या हद्दी काढणे.

घरांची संख्या साधारण तेवढीच राहते; भूखंड लहान होतात आणि घरे जवळ येतात. आपल्या पांढरीची रचना याहून वेगळी नव्हती. घरे दाटीने, गाव आटोपशीर आणि भोवतालची काळी अखंड, हीच ती रचना.

एक हिशेब

उदाहरणादाखल चार हेक्टर, म्हणजे ४०,००० चौरस मीटर क्षेत्र घेऊ. प्रचलित पद्धतीने रस्ते व सुविधांसाठी १२,००० आणि खुल्या जागेसाठी ४,००० चौरस मीटर सोडल्यास २४,००० चौरस मीटर उरतात. त्यात प्रत्येकी २०० चौरस मीटरचे १२० भूखंड बसतात.

आता भूखंड १५० चौरस मीटरचा धरू. १२० भूखंडांना १८,००० चौरस मीटर लागतील. घरे जवळ आल्याने रस्त्यांची लांबी घटते. रस्ते व सुविधांसाठी ८,००० चौरस मीटर पुरले, तर १४,००० चौरस मीटर मोकळे राहतात. हे प्रमाण ३५ टक्के होते. जमीनमालकाचा एकही भूखंड कमी झाला नाही, रस्ते, गटारे व जलवाहिनी यांवरील खर्च घटला आणि खुली जागा साडेतीन पट झाली. या जागेत ओढा आपल्या वाटेने वाहू शकतो आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू शकते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने सोसलेली पाणीटंचाई ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या मुरणाऱ्या पाण्याचे महत्त्व सांगावयास नको. १९९६ पासून कडवंची येथे झालेल्या पाणलोट विकासाच्या कामानेही जमिनीत जिरविलेले पाणी गावाचे अर्थकारण बदलू शकते हे दाखवून दिले आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. शेतकरी कुटुंबाला गोठा, कडबा आणि अवजारे यांसाठी जागा लागते. १५० चौरस मीटरमध्ये ती कशी मावणार? त्यासाठी वस्तीला लागून सामाईक गोठे व खळवाडी यांची जागा आराखड्यातच दाखविली पाहिजे. ही सोय न करता भूखंड लहान केले, तर बैलगाडी आणि ट्रॅक्टर रस्त्यावरच उभे राहतील आणि मोकळ्या जागेवर अतिक्रमण होईल.

गायरानाचा प्रश्न

खासगी रेखांकनाइतकाच गायरानाचा विषय महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यासाठी राज्यांनी योजना आखावी असा आदेश दिला. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. मात्र मराठवाड्यात गायरानाला दुसरीही बाजू आहे. अनेक भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरान कसून पोट भरले आणि त्यांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण शासनाने यापूर्वी स्वीकारले होते. म्हणून मोकळ्या जमिनीचे जतन करताना धनदांडग्याचे कुंपण आणि भूमिहीनाचे शेत यांना एकाच मापाने मोजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या भाडेपट्ट्यांसारख्या अपवादांचा विचार केलेला आहे.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा २०२५ मध्ये नागरी व निवासी वापराच्या क्षेत्रांपुरता शिथिल करण्यात आला. अकृषिक वापराची पद्धतही टप्प्याटप्प्याने सुलभ होत आली आहे. नागरिकांची त्यामुळे सोय झाली. पण परवानगीच्या टप्प्यावरील अडसर जसजसा कमी होतो, तसतसा रेखांकनाचा नकाशा अधिक निर्णायक ठरतो. एकदा खुणेचे दगड रोवले आणि खरेदीखते झाली की ओढा परत आणता येत नाही.

यासाठी ग्रामपंचायतींनी गावशिवाराचा मोकळ्या जागांचा नकाशा आधीच तयार ठेवावा. स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजणी नकाशे तयार होत आहेत. त्यांना ओढे, पाणंदी, बारवा व गायरान यांची जोड द्यावी. हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून ठरावाने मान्य करावा आणि रेखांकनाचे प्रस्ताव येतील तेव्हा संबंधित प्राधिकरणाच्या निदर्शनास आणावा. खुल्या जागेची नोंद अभिलेखात स्पष्ट व्हावी आणि तिच्या देखभालीची जबाबदारी कोणाची हेही लिहून ठेवावे. ज्या जागेला धनी नाही, ती फार दिवस मोकळी राहत नाही.

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी भूगोलाच्या तासाला शिवारफेरी काढून ओढ्यांची व पाणंदींची नावे वृद्धांकडून लिहून घेतली, तर गावाचा हा नकाशा निम्मा तयार होईल.

पुण्याजवळ मगरपट्टा येथे शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसविले. हिवरे बाजारने बाहेरच्यांना जमीन न विकण्याचा निर्णय घेतला. दोन्ही वाटा भिन्न आहेत. परंतु दोन्ही ठिकाणी जमिनीविषयीचा निर्णय गावकऱ्यांनी एकत्र बसून आणि वेळेवर घेतला. समृद्धी महामार्गालगतच्या गावांना ही वेळ आज उपलब्ध आहे. पहिला भूखंड विकला जाण्यापूर्वी नकाशा ग्रामसभेच्या भिंतीवर लागला, तर गाव वाढेल आणि गावपणही टिकेल.