सहाव्या वर्षी येणारी दाढ

शाळाभेटीच्या निमित्ताने वर्गांतून हिंडताना गालाखाली हात धरून बसलेले एखादे मूल हमखास दृष्टीस पडते. गेल्या हिवाळ्यात तिसरीच्या वर्गात अशीच एक मुलगी दिसली. पाढे म्हणताना तिचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. गुरुजी म्हणाले, "दाढ दुखते तिची. दुधाचीच आहे, पडेल आपोआप." मी तिला ओसरीवर उजेडात नेऊन तोंड उघडावयास सांगितले. खालची उजवीकडची अगदी मागची दाढ मध्यभागी काळी पडून खचली होती. ती दुधाची नव्हती. जन्मभर पुरावयाची होती. पुढे ती काढावी लागली. मुलीचे वय आठ वर्षांचे.

गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही. आमच्या अध्यापन वर्गातही ही गोष्ट कोणी शिकविली नव्हती. दुधाचे दात एकूण वीस. सुमारे सहाव्या वर्षी पुढचे दात हलू लागतात, तेव्हा घरातील सर्वांचे लक्ष तिकडे असते. त्याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, चार नव्या दाढा मुकाट्याने वर येतात. जुना दात पडला नाही, म्हणून नवा आला हे कोणाच्या ध्यानी येत नाही आणि ही दाढ दुधाचीच समजली जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे. समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूने मागे मोजीत जावे. सहाव्या स्थानी जी दाढ येते, ती कायमची. मोजताना पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरावी.

या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात व त्यांत अन्नाचे कण अडकतात. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील क्षार झिजविते. प्रथम खडूसारखा पांढरा डाग दिसतो, मग तो तपकिरी होतो, मग खड्डा पडतो. बाहेरच्या आवरणात संवेदना नसल्याने इतके होईपर्यंत मुलाला काहीच जाणवत नाही. कीड आतल्या थरात उतरली म्हणजे थंड व गोड पदार्थांनी झिणझिण्या येतात आणि ती दंतमज्जेपर्यंत पोहोचली म्हणजे रात्रीची झोप उडते. सबब 'दुखू लागले की दाखवू' हा आपल्याकडील सर्वमान्य नियमच मुळात उलटा आहे. दुखत नसताना दाखविल्यास खड्डा भरून दाढ वाचते. नुकत्याच उगवलेल्या दाढेच्या खाचा तर कीड लागण्यापूर्वीच बुजवून घेता येतात.

मग दाखवावे केव्हा? पहिली भेट मूल एक वर्षाचे होईपर्यंत व्हावी असे दंतवैद्यांचे मत आहे. आपल्या खेड्यांत हे क्वचितच घडते. दर सहा महिन्यांनी जावे, असा नियम सर्वत्र ऐकू येतो. तथापि सर्वांना तोच लागू करण्याचे कारण नाही. ज्याचे दात निरोगी आहेत अशा मुलाने वर्षातून एकदा जावे. ज्याला पूर्वी कीड लागलेली आहे, ज्याच्या हाती मधल्या सुट्टीत रोज गोळ्या-चॉकलेट असते, त्याने दंतवैद्य सांगतील त्याप्रमाणे तीन ते सहा महिन्यांनी जावे. आणि तोंडावर सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास, यांपैकी काही दिसल्यास तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते व दातही पाहते. पथकात सहसा दंतवैद्य नसतो. ते संशयित मुलांस पुढे पाठवितात. चिठ्ठी मिळालेली सर्वच मुले रुग्णालयात पोहोचतात असे नाही, आणि खरे काम येथेच आहे. चिठ्ठी दप्तरात राहते, दप्तर खुंटीवर राहते. वर्गशिक्षकाने अशा मुलांची नावे हजेरीपटामागील पानावर टिपून ठेवावीत, पालकसभेत नव्हे तर पालकांना एकटे गाठून सांगावे, व पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. पथक येण्याची वाट न पाहता सत्राच्या आरंभी आपणही सकाळच्या उन्हात मुलांची तोंडे पाहावीत. बोट घालू नये, निदान सांगू नये, आणि किडक्या दाताच्या मुलास वर्गासमोर हसे होऊ देऊ नये. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याने मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. ती कीड नव्हे की अस्वच्छताही नव्हे. तेथे पाण्याची तपासणी व्हावयास हवी.

घरी गेल्यावर पालकांकडून दोन उत्तरे ठरलेली असतात. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हे एक; दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, हे दुसरे. दोन्ही खोटी आहेत. दाढ काढण्याने दृष्टीस काही होत नाही. दुसऱ्या समजाचे कारण असे की, साचलेले कीटण हिरडीस आधीच सैल करीत असते. ते निघाल्यावर ढिलाई फक्त उघडी पडते. तिसरी गोष्ट पालक सांगत नाहीत, ती आपण विचारावी. ठणका थांबावा म्हणून दाढेत तंबाखूची चिमूट किंवा मशेरी धरावयास दिली जाते. मुलाच्या हाती तंबाखू प्रथम घरातील प्रेमळ माणसाकडूनच येते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्याऐवजी कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरवाव्यात आणि दंतवैद्याकडे न्यावे.

शाळेतच घडणारा एक प्रसंग राहिला. कबड्डीत पडून पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो पांढऱ्या भागाने धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुऊन, मूल शुद्धीवर व शांत असल्यास त्याच खाचेत सरळ बसवावा व रुमालावर चावून धरावयास सांगावे. ते न जमल्यास पेलाभर दुधात ठेवावा, कोरड्या कागदात गुंडाळू नये. तासाभराच्या आत, जितके लवकर तितके बरे, मूल व दात दोन्ही दंतवैद्याकडे पोहोचावेत. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. पोषण आहाराच्या खोलीत किंवा शेजारच्या घरी दूध कोठे मिळेल आणि जवळचा दंतवैद्य कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी असतो, हे दूरध्वनी क्रमांकासह कार्यालयातील भिंतीवर आजच लिहून लावावे.