जागा मागून घ्या: शहरातल्या गर्दीत ठामपणे सायकल कशी चालवावी

संध्याकाळी सहानंतर पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर दोन तऱ्हेचे सायकलस्वार दिसतात. एक फुटपाथला चिकटून, चेंबरची झाकणे आणि उभ्या गाड्या चुकवत, जीव मुठीत धरून जातो. दुसरा दोन मोटारींच्या फटीतून घुसतो, सिग्नल तोडतो आणि कुणी हॉर्न दिला तर वळून शिवी हासडतो. एक भित्रा, एक दांडगा. पण मागून येणाऱ्या बसचालकाची अडचण दोघांच्याही बाबतीत सारखीच असते. हा माणूस पुढच्या क्षणी काय करणार, हे त्याला कळत नाही. भित्राही खड्डा आला की न सांगता उजवीकडे येतोच.

ठाम सायकलस्वार आपल्याला हवी ती जागा घेतो, पण आधी मागून. मागायची, उत्तर बघायचे, घ्यायची आणि काम झाले की परत द्यायची. हे स्वभावावर अवलंबून नाही. सरावाने कुणालाही जमते, फक्त क्रम सोडायचा नाही. खालची कृती पुण्याच्या रस्त्यांवर बेतली आहे. ठाणे, नाशिक, नागपूरकरांनी रस्त्यांची नावे तेवढी बदलून घ्यावीत.

१. ब्रेक आणि हात

निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. चाक जराही फिरता कामा नये. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, आणि वेग खऱ्या अर्थाने तोच मोडतो. म्हणजे वळण्यासाठी उजवा हात बाहेर काढला की तुमच्यापाशी फक्त मागचा, अर्ध्या ताकदीचा ब्रेक उरतो. म्हणून आधी वेग कमी करा, मग हात काढा. ताशी २० किलोमीटरने जाताना सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते; ब्रेक दाबायचे मनात येईपर्यंत एक अख्खी मोटार ओलांडून झालेली असते. घंटा, हेल्मेट, मागचा लाल दिवा हे सारे हवेच, त्यावर वेगळे सांगत नाही.

२. मान वळवायला शिका

सगळ्या कृतीत सर्वाधिक वेळ इथे द्या. चालत्या सायकलवरून उजव्या खांद्यावरून मागे बघता येत नसेल, तर पुढचे काहीच जमणार नाही. बहुतेकांची अडचण अशी की मान वळली की हँडलही त्याच बाजूला वळते आणि सायकल रस्त्याच्या मध्ये जाते. मैदानात किंवा सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पांढऱ्या रेघेवरून चालवा. दोन्ही कोपर सैल सोडा. हनुवटी खांद्याला टेकेल इतकी मान वळवा. तरीही सायकल भरकटत असेल, तर उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवा आणि मग वळून बघा. खांदा मोकळा होतो आणि हँडल ओढले जात नाही. मागे मित्राला उभे करा. त्याने बोटे दाखवायची, तुम्ही रेघ न सोडता किती ते ओरडून सांगायचे. नुसती मान वळवणे पुरत नाही, डोळ्यांनी वाचता आले पाहिजे.

या सरावाचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. मागच्या चालकाला तुमचा चेहरा दिसतो. पाठ दिसत असते तोवर तुम्ही रस्त्यातला अडथळा असता. चेहरा दिसला की तिथे माणूस आहे हे त्याच्या ध्यानात येते आणि पुष्कळदा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. आरसा बसवलात तरी हे काम आरसा करत नाही.

३. कडेपासून सुटा

कडेला चिकटून चालणे सुरक्षित वाटते, पण नसते. चेंबर, खडी, साचलेले पाणी आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, सगळे तिथेच असते. शिवाय तुम्ही कडेला गेलात की मागच्याला वाटते, बाजूने निघायला जागा आहे. आणि ती जागा पुरेशी नसतानाही तो गाडी काढतो. रस्ता मोकळा असताना कडेपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेघेत चाला. अर्ध्या मीटरच्या आत कधीच जाऊ नका.

ब्रिटनमध्ये सायकल शिकवणाऱ्या जॉन फ्रँकलिन यांनी ‘सायकलक्राफ्ट’ या पुस्तकात याची नीट मांडणी केली आहे. एक जागा वाहत्या वाहनांच्या डावीकडची; दुसरी त्यांच्याच रांगेत, लेनच्या मधोमध. मधली जागा कधी घ्यायची? रस्ता इतका अरुंद की मोटारीला तुमच्या शेजारून सुरक्षित जाता येणार नाही तेव्हा, चौकाच्या आधी, आणि उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारी. तेवढा भाग संपला की लगेच डावीकडे या आणि मागे साचलेल्यांना जाऊ द्या. मोकळ्या रस्त्यावरही मध्येच चालत राहणे, मागचे खोळंबलेले बघूनही, हा हट्ट झाला.

उभ्या गाड्यांचे जरा सविस्तर सांगतो. मोटारीचे दार पूर्ण उघडले की साधारण मीटरभर बाहेर येते, म्हणून तुमचे चाक गाडीपासून दीड मीटरवर हवे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या कडेला उभ्या गाडीचे चालकाचे दार थेट तुमच्या वाटेत उघडते. पेठांत पी-१, पी-२ (दिवसाआड पार्किंग) च्या पाट्यांप्रमाणे गाड्या कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला उभ्या असतात. एकेरी रस्त्यावर त्या उजवीकडे असल्या की डावी दारे उघडतात, म्हणजे मागे बसलेली मुले आणि आजीआजोबा. दार उघडण्याआधी खुणा मिळतात: नुकताच विझलेला ब्रेकचा दिवा, सीटवर दिसणारे डोके, आत हलणारी पिशवी. रिक्षाची खूण वेगळी. चालकाची मान डावीकडे फुटपाथकडे वळली की समजा, प्रवासी दिसला आहे आणि रिक्षा आता तुमच्यासमोर तिरकी थांबणार.

४. मागा, उत्तर बघा, मग सरका

पुढे बंद पडलेला टेम्पो आहे, तुम्हाला उजवीकडून जायचे आहे. तीस-चाळीस मीटर आधीच मागे बघा. फट दिसली तर उजवा हात खांद्याच्या उंचीवर सरळ काढा, तळवा उघडा. हात काढलात म्हणून जागा मिळाली असे नाही; तुम्ही फक्त विचारले आहे. पुन्हा मागे बघा. गाडी हळू झाली? चालकाने मान हलवली? हॉर्न आला पण वेग तोच राहिला? शेवटचे असेल तर त्याला जाऊ द्या आणि पुढच्याला विचारा. उत्तर ‘हो’ आले की हात हँडलवर घ्या आणि एका झटक्याने नव्हे, तिरक्या लांब रेघेत सरका. जागा देणाऱ्याला जाताजाता डावा हात वर करून दाखवा. दुसऱ्या दिवशी तो माणूस दुसऱ्या सायकलवाल्यालाही जागा देण्याची शक्यता या एका हाताने वाढते, असे मला मनापासून वाटते.

दांडगाई आणि ठामपणा यांतला फरक या दुसऱ्यांदा मागे बघण्यात आहे. दांडगा हात काढतो आणि त्याच क्षणी घुसतो. भित्रा हात काढतच नाही. टेम्पोच्या मागे जाऊन थांबतो आणि मग उभ्या जागेवरून, शून्य वेगाने, धावत्या गर्दीत शिरायला बघतो. ते सगळ्यात धोक्याचे.

थांब्यावरच्या पीएमपीच्या बसलाही हेच लागू. डावीकडून कधीही जाऊ नका, माणसे तिथे उतरत असतात. बस नुकतीच थांबली असेल आणि उजवीकडे फट असेल तर मागून घेऊन जा. बसचा उजवा इंडिकेटर लागला असेल तर मागेच राहा. तिच्या मागे दहा-पंधरा सेकंद थांबल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

अमेरिकेत जॉन फॉरेस्टर यांनी १९७० च्या दशकात ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’मधून असा आग्रह धरला की सायकलस्वाराने वाहनचालकासारखेच वागावे, वेगळ्या मार्गिका मागू नयेत. पहिला भाग मला पटतो, दुसरा नाही. ज्या रस्त्यावर मोटारी ताशी साठने जातात, तिथे दहा वर्षांच्या मुलीने लेनच्या मधोमध चालावे असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. तिच्यासाठी वेगळा, अखंड, पार्किंगमुक्त मार्गच हवा, आणि तो महापालिकेकडे मागत राहिले पाहिजे. या पायऱ्या मोठ्यांसाठी आहेत.

५. चौक

सर्वांत वाईट अपघात चौकात, डावीकडे वळणाऱ्या मोठ्या वाहनाखाली होतात. सिग्नलला बस किंवा डंपर उभा असेल आणि डावीकडे फूटभर फट दिसत असेल, तरी तिथून पुढे सरकू नका. त्या उंचीवरून चालकाला डाव्या बाजूचे, अगदी लगतचे काही दिसत नाही. वळताना लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून, कोपरा कापत येतात. नळ स्टॉपसारख्या ठिकाणी, जिथे पुलाखाली सरळ जाणारे आणि वळणारे एकाच रांगेत येतात, तिथे सरळ जायचे असेल तर रांगेत मोटारीच्या मागे, मधोमध उभे राहा. पुढच्या गाडीचा आरसा तुम्हाला दिसला पाहिजे. आरसा दिसत नसेल तर त्यातून तुम्हीही दिसत नाही.

उजवीकडे वळायला दोन वाटा आहेत. गर्दी कमी असेल तर चौथ्या पायरीप्रमाणे एकेक रांग मागत मध्ये या. जास्त असेल तर सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल वळवून आडव्या रस्त्याच्या वाहनांपुढे उभे राहा आणि त्यांचा सिग्नल हिरवा झाला की निघा. एखादे मिनिट जास्त जाते. यात कमीपणा नाही.

६. कुणी चूक केली तर

आधी ब्रेक, मग बाकीचे सगळे. तुमचा हक्क असताना कुणी आडवा आला तरी हात ब्रेकवरच हवेत, बॉनेटवर आपटण्यासाठी नव्हेत. पुढच्या सिग्नलला गाठून जाब विचारायची इच्छा होते. ती आवरा, कारण त्या नादात तुम्ही स्वतःच गर्दीतून आडवेतिडवे चालवाल. बोलायचेच असेल तर दोघेही थांबलेले असताना, एक वाक्य: “दादा, दार उघडताना मागं बघा ना, आत्ता धडकलो असतो.” बस. उत्तराची वाट बघू नका. हॉर्नकडे मात्र अपमान म्हणून बघू नका. आपल्याकडे निम्मे हॉर्न ‘मी मागे आहे’ एवढेच सांगतात.

आणि दांडगाई फक्त मोटारवाले करतात असे नाही. उलट्या दिशेने सायकल घालणे, लाल दिवा तोडणे, जंगली महाराज रस्त्यासारख्या रुंद फुटपाथवर घंटा वाजवत चालणाऱ्यांना बाजूला सारणे, हे सगळे आपणही करतो. बसला आपण ज्या नजरेने बघतो, तीच नजर काठी टेकत जाणाऱ्या आजींची आपल्याकडे असते.

७. कधी उतरायचे

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, लोखंडी प्लेटा आणि पांढरे पट्टे निसरडे होतात. तिथे वळू नका, ब्रेक दाबू नका, अंतर दुप्पट ठेवा. मागून काँक्रीट मिक्सर लागला असेल आणि रस्ता अरुंद असेल, तर जागा धरून बसू नका. कडेला थांबा, त्याला जाऊ द्या. चौक समजतच नसेल तर सायकल हातात घ्या आणि झेब्रा क्रॉसिंगवरून चालत जा.

सरावाची सुरुवात रविवारी सकाळी प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून करा, मग तिथूनच संध्याकाळी, मग एखादा सिग्नलचा चौक जोडा. सोबत जाणकार मित्र घ्या आणि त्याला तुमच्या मागे चालायला सांगा. घरी आल्यावर त्याला एकच विचारा: मी पुढे काय करणार हे तुला दर वेळी आधी कळलं का? जिथे तो ‘नाही’ म्हणेल, तो चौक दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.